'गोड काळिमा' ही बालकवींची 'औदुंबर' आहे

आजी 'हिरवे हिरवे गार गालिचे, गोड काळिमा' असं काहीतरी म्हणायची, पण सर्च केलं की 'फुलराणी'च येते आणि तिच्यात काळिमा सापडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. सापडणार नाहीच, कारण या दोन वेगळ्या कविता आहेत, दोन्ही बालकवींच्या. गालिचे 'फुलराणी'तले, आणि तुमचा काळिमा 'औदुंबर'मधला:

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर

आता हे एकत्र का झालं ते बघा. 'गार गालिचे' आणि 'गोड काळिमा' मोठ्याने म्हणून बघा, दोन्हीत आठच मात्रा आणि लघुगुरूचा क्रमसुद्धा तोच, त्यामुळे एकाच्या चालीत दुसरं अलगद बसतं. शिवाय 'फुलराणी'त 'गोड निळ्या वातावरणांत' आहेच, म्हणजे 'गोड'सुद्धा दोन्हीकडे. तोंडपाठ कविता लयीवर लक्षात राहतात, तेव्हा आजींनी हे जोडून म्हटलं असेल किंवा तुम्ही लहानपणी ऐकताना जोडलं असेल, दोन्ही शक्य आहे.

असं शोधताना ओळीतला सगळ्यात विचित्र वाटणारा शब्द धरायचा. हिरवळ, पाखरं, झरे शंभर कवितांत असतात पण काळिमा गोड म्हणणारा कवी एखादाच, तसलं काही आपण मनाने घालत नाही. तेवढेच दोन शब्द अवतरणचिन्हात टाकून सर्च करा, मग 'काळीमा' असं दीर्घ करून बघा. जुन्या छपाईत 'जळांत', 'वातावरणांत' असे अनुस्वार असतात, त्यानेही सर्च हुकतो. आणि छापील संग्रहात मागे सूची असते ती बहुतेक पहिल्या ओळींची, तुमचे शब्द सातव्या ओळीतले, तिथे ते मिळणं अवघडच होतं.

पूर्ण कविता आठच ओळींची आहे हो, 'ऐल तटावर पैल तटावर' अशी सुरू होते. झरा, टेकडीकडचं गाव, शेतं, मग पांढरी पायवाट काळ्या डोहाकडे नेते आणि औदुंबर येतो तो थेट शेवटच्या शब्दाला! बालकवी १९१८ साली गेले, तेव्हा तिशीसुद्धा झाली नव्हती त्यांची, आणि हे लिहून गेले.

आजींची चाल आठवत असेल तर तिच्यावर या आठ ओळी म्हणून बघा, आणि जमलं तर रेकॉर्ड करून इथे टाका, मला खरंच ऐकायचीय.