अपार्टमेंट म्हणजे इमारत की घर?

प्रश्न असा आला आहे: ‘आम्ही अमुक अपार्टमेंटमध्ये फ्लॅट घेतला’ असं आपण सर्रास म्हणतो. इंग्रजीत मात्र दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. मग हे मराठी वाक्य चुकीचं का?

अजिबात नाही. मराठीत राहत्या जागेला बऱ्याचदा दोन शब्द लागतात, एक अख्ख्या वास्तूला आणि एक आपल्या वाट्याच्या जागेला. वाड्यात बिऱ्हाड, चाळीत खोली, तसा अपार्टमेंटमध्ये फ्लॅट. इंग्रजीतून दोन्ही शब्द आले तेव्हा आपण त्यांना या जुन्याच जोडीत बसवलं. इमारतींवरच्या पाट्यांवर इंग्रजीत ‘अपार्टमेंट्स’ असं अनेकवचन असे. त्यातला शेवटचा ‘स’ बोलताना गळला आणि उरलेलं इमारतीचंच नाव झालं असावं. ‘सोसायटी’चंही तेच झालं. शब्द संस्थेचा, पण ‘सोसायटीच्या गेटवर थांब’ म्हणताना डोळ्यांपुढे आवारच येतं.

मुळात इटालियन ‘अप्पार्तारे’ म्हणजे वेगळं काढणं. त्यावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला ‘अपार्टमेंट’ म्हणजे मोठ्या वास्तूत एखाद्यासाठी वेगळा काढलेला खोल्यांचा संच. राजवाड्यांच्या वर्णनात तो आजही याच अर्थाने येतो. तिथे भाषांतरात ‘दालनं’ किंवा ‘महाल’ लिहावं, ‘राणीचं अपार्टमेंट’ नको. पुढे अमेरिकेत हा शब्द इमारतीतल्या एका स्वतंत्र घरासाठी रूढ झाला. ब्रिटनने त्यासाठी ‘फ्लॅट’ धरला. हा ‘फ्लॅट’ स्कॉटिश ‘फ्लेट’वरून आला, आणि त्याचा अर्थ घराची जमीन, मजला.

कायद्यात मात्र अपार्टमेंट म्हणजे इमारत नव्हे. महाराष्ट्राच्या १९६३च्या मालकी सदनिका कायद्यात ‘फ्लॅट’ आहे, १९७०च्या अपार्टमेंट मालकी कायद्यात ‘अपार्टमेंट’. दोन्हीकडे अर्थ एकेक युनिट. केंद्राच्या २०१६च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्यातली व्याख्या तर इतकी रुंद आहे की दुकान, ऑफिस, गोदामही ‘अपार्टमेंट’मध्ये मोडतं. म्हणून करारनाम्यात ‘सदर अपार्टमेंट’ आलं की ते तुमच्या युनिटबद्दल आहे, इमारतीबद्दल नाही.

दुसरी गफलत पाटीमुळे होते. गेटवर ‘अपार्टमेंट’ लिहिलेलं असतं, पण नोंदणी सहकारी गृहनिर्माण संस्थेची असते. नावावर जाऊ नका, कागद बघा. १९७०च्या कायद्याखालची इमारत असेल तर डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे इमारत या कायद्याखाली आणल्याचं घोषणापत्र झालेलं असतं आणि प्रत्येकाकडे डीड ऑफ अपार्टमेंट, म्हणजे आपल्या युनिटच्या मालकीचा दस्त असतो. त्यात सामायिक जागेतला तुमचा अविभक्त हिस्सा टक्क्यांत दिलेला असतो. सोसायटी असेल तर तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट, म्हणजे संस्थेतल्या तुमच्या भागांचा दाखला असतो. पुनर्विक्रीचा फ्लॅट घेताना अपार्टमेंटवाल्याकडे शेअर सर्टिफिकेट मागत बसलात तर ते मिळणारच नाही, कारण तिथे ते नसतंच.

भाषांतर करणाऱ्यांना सर्वात जास्त चकवतं ते अमेरिकन कथेतलं साधं वाक्य. ‘ती तिच्या अपार्टमेंटमध्ये शिरली’ असं लिहिलं की मराठी वाचकाला ती फाटकातून आत येऊन जिन्यापाशी पोचलेली दिसते. मूळ कथेत ती दार लावून चपला काढते आहे. तिथे ‘फ्लॅट’ लिहा, नाहीतर सरळ ‘घरात शिरली’ लिहा.