उंची बेताची आणि गोल मोजके असूनही इटलीचा फुटबॉलपटू फ्रँको बारेसी महान बचावपटू का मानला जातो?

कारण त्याचा खेळ डोक्याचा होता. प्रतिस्पर्धी पास देण्याआधीच चेंडू कुठे पडणार हे बारेसीला कळायचं, त्यामुळे घसरून टॅकल करायची वेळ कमीच यायची. प्रशिक्षक आरिगो साक्कींच्या मिलान क्लबमध्ये तास्सोत्ती, कोस्ताकुर्ता आणि मालदिनी हे बाकीचे बचावपटू त्याच्या इशाऱ्यावर एका रेषेत पुढे सरकायचे. समोरचा फॉरवर्ड ऑफसाइडमध्ये, म्हणजे बचावफळीच्या मागे नियमबाह्य जागी, अडकला की बारेसीचा हात वर! पुढे प्रशिक्षक कापेल्लोंच्या काळात, १९९३-९४ च्या मोसमात, मिलानने ३४ लीग सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले.

मला त्याची निष्ठाही तितकीच मोठी वाटते. लहानपणी मिलान शहरातल्याच इंटर या प्रतिस्पर्धी क्लबने भाऊ जुझेप्पेला घेतलं, याला नाकारलं. मग हा मिलानमध्ये गेला आणि १९७८ ते १९९७ तिथेच खेळला. मधल्या काळात क्लब दोनदा दुसऱ्या श्रेणीत घसरला, तरी याने साथ सोडली नाही. निवृत्तीनंतर मिलानने त्याची ६ नंबरची जर्सीच कायमची बंद केली.

आणि १९९४ चा विश्वचषक! २३ जूनला नॉर्वेविरुद्ध गुडघा दुखावला, मेनिस्कसची (गुडघ्यातल्या कूर्चेची) शस्त्रक्रिया झाली, आणि १७ जुलैला पठ्ठ्या ब्राझीलविरुद्ध फायनलला उभा. रोमारिओ-बेबेतोसारखी जोडी समोर, कॅलिफोर्नियाचं भर दुपारचं ऊन, तरी १२० मिनिटांत इटलीने एकही गोल होऊ दिला नाही. पेनल्टीत त्याचा फटका बारवरून गेला, इटली हरली. लोकांना तो फटकाच आठवतो. तुम्ही त्याआधीची १२० मिनिटं जरूर बघा.