चार दाढा, एकच बेरीज

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे. सहा महिन्यांत डावीकडची खालची अक्कलदाढ दोनदा सुजली. डॉक्टरांनी मोठा एक्स-रे काढला आणि पूर्ण भूल देऊन चारही दाढा एकदम काढू म्हणाले. हातात दिलेल्या कागदावर १८, २८, ३८, ४८ असे आकडे आणि खाली एकच बेरीज. ती पाहिल्यापासून दाढेपेक्षा डोकंच जास्त दुखतंय. दातांचा विमा नाही. कर्ज काढू, की गोळ्यांवर ढकलत राहू?

उत्तर : इतक्यात दोन्ही नको. आधी ती बेरीज फोडून घ्या.

ते आकडे म्हणजे दाढांचे पत्ते. पहिला आकडा तोंडाचा कोपरा सांगतो : १ वर उजवीकडे, २ वर डावीकडे, ३ खाली डावीकडे, ४ खाली उजवीकडे. ८ म्हणजे मधल्या दातापासून मोजत मागे गेलं की आठवी. तुमची दुखरी दाढ ३८. बाकीच्या तिघींबद्दल पत्रात एक अक्षर नाही. न दुखणारी दाढही आतून किडलेली असू शकते, पण मग डॉक्टरांनी एक्स-रेवर बोट ठेवून ते दाखवावं. निरोगी अडकलेल्या अक्कलदाढा निव्वळ खबरदारी म्हणून काढू नयेत, असं ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने २००० सालीच सांगितलं. सगळ्या दंतवैद्यांना ते पटत नाही, मला पटतं.

खर्च ठरतो तो दाढ कशी बसली आहे त्यावरून. वरच्या बहुतेक वेळा सरळ निघतात, तिथलं हाड मऊ असतं. खालची मात्र कधी कधी एसटीत शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेल्या प्रवाशासारखी आडवी रेललेली असते. मग हिरडी उघडायची, थोडं हाड कोरायचं, दाढेचे दोन तुकडे करून एकेक बाहेर काढायचा, टाके घालायचे. म्हणून ‘दाढ काढणं’ या एकाच नावाखाली दोन वेगळी कामं असतात. चौघींचे दर वेगवेगळे लिहून मागा. एक्स-रे, औषधं, टाके काढणं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका लागला तर खड्ड्यात भरायचं औषध, हे त्यात धरलंय का तेही विचारा. आणि जागा बधिर करून भागेल का? पुष्कळदा भागतं. पूर्ण भुलेत भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटरचे पैसे वाढतात.

पैसे कमी पडत असतील तर दंत महाविद्यालयाचा बाह्यरुग्ण विभाग गाठा. विद्यार्थी काम करतात, पण शिक्षक खांद्याशी उभे असतात. वेळ जास्त लागतो, पैसे कमी. दवाखाना हप्ते देत असेल तर व्याज आणि हप्ता चुकल्यावरचा दंड आधी वाचा. साधा आरोग्यविमा असेल तर त्यात दातांच्या शस्त्रक्रियेबद्दल काय लिहिलंय ते बघा. आज घाईने दातांचा विमा काढून उद्या दाढ काढता येईल, या भरवशावर मात्र राहू नका. अशा विम्यांना बहुधा प्रतीक्षाकाळ असतो.

काटकसर कुठे करू नये, तेही सांगते. ३८ ची मुळं जबड्यातल्या नसेला खेटून असतील तर मुखशल्यचिकित्सकच हवा. तिथे चूक झाली तर ओठ बधिर राहू शकतो.

गोळ्यांचं म्हणाल, तर सूज उतरते, पण दाढेवरची हिरडीची झालर तिथेच असते आणि अन्न पुन्हा तिच्याखाली जातं. डॉक्टरांकडून ती जागा धुऊन घेतली, कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरल्या, तर पैसे जमवायला थोडे आठवडे मिळतील. वर्षं नाहीत. मी स्वतः दंतवैद्य असून माझी ४८ अशीच ढकलत नेली, कारण तेव्हा दवाखान्याच्या खुर्चीसाठी पैसे साठवत होते. तोवर शेजारची धडधाकट ४७ किडली आणि शेवटी दोन्हींचा खर्च केला.

तोंड उघडेनासं झालं, गिळताना त्रास व्हायला लागला, ताप आला किंवा सूज गळ्याकडे उतरली, तर हिशोब बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालयात जा.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना आणखी एक विचारा : वरची दाढ, २८, ही खालच्या सुजलेल्या हिरडीवर चावते आहे का? तसं असेल तर आधी ती सोपी, स्वस्त दाढ काढूनच पुष्कळ आराम पडतो आणि ३८ साठी थोडी उसंत मिळते. एक्स-रेची प्रत मागून घ्यायला विसरू नका. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं ठरवलंत, तर तो पुन्हा काढायला नको.