ठराव फेटाळला की अडवला?

प्रश्न असा आलाय की एका लेखाचं भाषांतर करताना "सुरक्षा परिषदेने आक्रमणाविरुद्धचा ठराव फेटाळला" असं वाक्य झालंय, त्यातलं "फेटाळला" खटकतंय पण का ते कळत नाही, आणि जाताजाता, व्हेटोला नकाराधिकार म्हणायचं की निषेधाधिकार.

दुसरं आधी उरकतो. निषेधाधिकार हिंदीत चालतो, पण मराठीत निषेध म्हटलं की काळ्या फिती आणि "जाहीर निषेध" आठवतो, त्या अर्थाने निषेधाधिकार जगातल्या प्रत्येक देशाकडे आहे आणि सगळे तो मनसोक्त वापरतातही. त्यामुळे नकाराधिकारच बरा. व्हेटो हे मुळात लॅटिन क्रियापद, अर्थ "मी मनाई करतो". रोममध्ये सामान्य लोकांचे ट्रिब्यून (म्हणजे त्यांनी निवडलेले प्रतिनिधी) बड्या अधिकाऱ्यांना अडवायचे ते याच हक्काने, म्हणजे तेव्हा हे दुबळ्याच्या हातातलं हत्यार होतं, आता कोणाच्या हातात आहे ते सांगायला नको.

गंमत म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत व्हेटो हा शब्दच नाहीये. कलम २७ एवढंच म्हणतं की कामकाजाच्या बाबी सोडून बाकी निर्णयाला १५ पैकी ९ मतं हवीत (१९६५ पर्यंत ११ पैकी ७ होती) आणि त्यात पाच कायम सदस्यांची (अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, चीन आणि रशिया, आधी सोव्हिएत युनियन) संमती धरलेली हवी. म्हणजे पाचांपैकी एकाने हात आडवा केला की होकार पुरा होत नाही, बस. आपल्याकडे "मोडता घालणे" म्हणतात ना, अगदी तेच. लग्न ठरत आलेलं असतं, सगळे राजी असतात आणि एक काका मोडता घालतात. तिथे आपण "घरच्यांनी स्थळ नाकारलं" असं म्हणतो का? नाही, काकांनी मोडलं म्हणतो.

तुमच्या वाक्यातली खोच तीच आहे. फेटाळणे म्हणजे बहुमताने नाही म्हणणे.

याचं सगळ्यात छान उदाहरण आपल्या गोव्याचं आहे. १८ डिसेंबर १९६१, भारतीय फौजा गोव्यात शिरलेल्या, पोर्तुगाल "आक्रमण झालं" म्हणून सुरक्षा परिषदेत धावलेला. त्याच दिवशी तिथे दोन ठराव मतांना आले. एक सिलोन (आताची श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताकाचा (म्हणजे इजिप्तचा), भारताच्या बाजूचा, पोर्तुगालची तक्रार नामंजूर करा म्हणणारा, त्याला ४ मतं बाजूने, ७ विरोधात. हा फेटाळला गेला. दुसरा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानचा, युद्ध थांबवा आणि भारताने सैन्य मागे घ्यावं म्हणणारा, त्याला ७ बाजूने, ४ विरोधात. सात मतं म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने पास! पण त्या चारांत सोव्हिएत युनियन होतं, म्हणून हा अडला. एकाच दिवशी, त्याच अकरा जणांत, एक फेटाळला आणि एक अडवला. दुसऱ्यालाही "फेटाळला" म्हटलंत तर वाचकाला वाटेल तिथे बहुमत भारताच्या बाजूने होतं, आणि ते नव्हतं. (त्या व्हेटोवर आपण खूश होतो हेही खरं. नकाराधिकाराला शिव्या देताना हे जरा लक्षात ठेवावं.)

आता तुमचा लेख बहुतेक युक्रेनबद्दल असावा, तर तिथलं बघा. २५ फेब्रुवारी २०२२ ला रशियाच्या आक्रमणाविरुद्धच्या ठरावावर ११ बाजूने, १ विरोधात, ३ जणांनी मत दिलं नाही. ठराव अडला. दोनच दिवसांनी, २७ तारखेला, आमसभेचं (जिथे संयुक्त राष्ट्रांचे सगळे सदस्य देश बसतात) तातडीचं विशेष अधिवेशन बोलवायचा ठराव परिषदेत आला, आकडे तेच, ११, १ आणि ३, विरोधातला १ पण तोच रशिया, आणि हा पास झाला कारण अधिवेशन बोलावणं ही कामकाजाची बाब, तिथे मोडता चालत नाही. मग २ मार्चला आमसभेत १४१ विरुद्ध ५ मतांनी रशियाचा धिक्कार झाला, ३५ तटस्थ.

परिषद अडली की आमसभेकडे जायची ही वाट १९५० ची आहे. कोरियन युद्धाच्या वेळी सोव्हिएत प्रतिनिधी बहिष्कार घालून बाहेर बसला होता म्हणून जूनमध्ये ठराव पटापट झाले, ऑगस्टमध्ये तो परत आला आणि सगळं ठप्प, म्हणून नोव्हेंबरात आमसभेने "शांततेसाठी एकजूट" नावाचा ठराव क्रमांक ३७७ केला की परिषद अडली तर आम्ही बसू. त्याचा आधार सनदेच्या कलम २४ मधल्या एका विशेषणात आहे आणि मराठीत ते हमखास चुकतं. शांतता राखायची परिषदेची जबाबदारी "प्राथमिक" आहे असं लिहितात, आणि आपल्याला प्राथमिक म्हटलं की शाळा किंवा आरोग्य केंद्र आठवतं, म्हणजे सुरुवातीचं, साधंसुधं. तिथे अर्थ आहे "पहिली", मुख्य. पहिली जबाबदारी परिषदेची, पण एकटीची नाही, आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही १९६२ मध्ये हेच सांगितलं. परिषद अडली तर आमसभेने बसायची ही सगळी सोय या एका शब्दावर उभी आहे म्हणून "प्राथमिक" टाळा, "मुख्य" लिहा.

"ठराव" हा शब्द पण फसवा. परिषदेचा ठराव बंधनकारक असू शकतो, आमसभेचा अशा बाबतीत म्हणजे शिफारस, मराठीत दोन्ही ठरावच. शिफारशीत दम असतो का? कधी असतो, १९५६ मध्ये सुएझवरून ब्रिटन-फ्रान्सने परिषद अडवली तेव्हा आमसभेने शांतिसेना उभी केली, इजिप्तच्या संमतीने, त्यात आपले जवानही होते. कधी नसतो, डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश युद्धात सोव्हिएत व्हेटोनंतर आमसभेत १०४ विरुद्ध ११ मतांनी शस्त्रसंधीचा ठराव झाला, आणि युद्ध ढाका पडल्यावरच थांबलं. एप्रिल २०२२ पासून एवढं झालंय की कोणी व्हेटो टाकला की १० कामकाजी दिवसांत आमसभा त्यावर चर्चेला बसते. मला ते "खुलासा मागणे" म्हणावंसं वाटतं, पण खुलासा द्यायची सक्ती नाहीये, म्हणून "चर्चा"च लिहा.

आणि वर मी स्वतःच "३५ तटस्थ" लिहून गेलो, पेपरातली सवय. मत न देणं आणि तटस्थ असणं एकच नाही, कोणी घाबरून मत देत नाही, कोणी हिशोब करून. शिवाय कायम सदस्याने मत दिलं नाही तर तो नकार धरत नाहीत, ठराव पास होऊ शकतो. "मतदान टाळलं" जास्त प्रामाणिक.

तर तुमचं वाक्य असं करा: "आक्रमणाविरुद्धचा ठराव बहुमत मिळूनही रशियाने नकाराधिकार वापरून अडवला." कर्ता बदललाय ते बघा, परिषद नाही, रशिया.