सनद सांभाळून रेडिओ: वकील वाचकांचे प्रश्न

रेडिओकडे वळू पाहणाऱ्या वकिलांच्या शंका फिरून फिरून त्याच येतात. बाररूममध्ये ऐकलेलं बाजूला ठेवा आणि हे वाचा.

प्रश्न: पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात वकिली करते. आकाशवाणीवर अधूनमधून उद्घोषणेचं काम घेतलं तर चालेल का?

चालेल. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 51 मध्ये प्रसारणाचा उल्लेखच आहे. काम नैमित्तिक आहे, हे मात्र कागदावर असू द्या.

प्रश्न: एफएमवर पूर्णवेळ आरजेची नोकरी मिळते आहे. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, तशीच ठेवली तर कोणाला कळणार?

सगळ्या पुण्याला तुमचा आवाज ऐकू जाणार आणि कळणार कोणाला म्हणता! नियम 49 स्वच्छ आहे: पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलला कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत वकिली बंद. लपवलंत तर ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 35 खाली ताकिदीपासून पटावरून नाव काढण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. "तो अमका दोन्ही करतो" हा बचाव नव्हे. 2024 मध्ये बार कौन्सिलने सर्वोच्च न्यायालयात वकिलाच्या पूर्णवेळ पत्रकारितेलाही विरोधच केला.

खरी गफलत पुढेच होते. सनद स्थगित करायचा अर्ज केला म्हणजे वकीलपत्रं आपोआप सुटत नाहीत. दिवाणी दाव्यात त्यासाठी कोर्टाची परवानगी लागते. ती घेतली नाही तर तुम्ही सकाळच्या शोमध्ये आणि दावा तारखेला गैरहजेरीत निकाली, असं होतं. म्हणून आधी चालू प्रकरणांची यादी करा, पक्षकारांना लेखी कळवा, फाइली पोच घेऊन परत करा, नव्या वकिलाला ना-हरकत द्या, कोर्टात अर्ज करा. मग महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे स्थगितीचा अर्ज. रुजू होण्याच्या आदल्या दिवशी हे उरकत नाही. नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी ते एखाद्या ज्येष्ठ वकिलाला दाखवा.

प्रश्न: पैसे भरले की अर्ध्या तासाच्या 'कायदा सल्ला' कार्यक्रमात माझं नाव आणि मोबाइल नंबर सांगतो, असं एक एजंट म्हणतो.

ही जाहिरातच. वकिलाला जाहिरातीची बंदी करणारा नियम 36 मोडेल तो तुमच्याकडून, एजंटाकडून नव्हे. त्याला दार दाखवा.

प्रश्न: शंभर टक्के नोकरीची हमी देणारा आरजे कोर्स करू का?

नको.

प्रश्न: चालू खटल्यावर बोलता येईल?

कायद्यातली तरतूद समजावून सांगा, निकालाचं भाकीत करू नका. न्यायालयाचा अवमान होईल असं काही आकाशवाणीच्या प्रसारण संहितेत बसत नाही आणि खासगी एफएमलाही तीच संहिता लागू आहे. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेचं नावच काय, ओळख पटेल असं गाव, शाळा, नातंही बोलायचं नाही; भारतीय न्याय संहितेचं कलम 72 आणि मूल असेल तर पोक्सोचं (बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं) कलम 23 वाचून ठेवा. थेट प्रक्षेपणात श्रोत्याने फोनवर नाव घेतलंच तर फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) लगेच खाली. स्वतःचा खटला असेल तर विषयच घेऊ नका. शंका आली तर बोलायचा मजकूर कार्यक्रम अधिकाऱ्याकडून आधी तपासून घ्या.