मृगाचा किडा आणि तुझी नोंदवही

प्रिय छोट्या बाई,

अनेक आशीर्वाद.

मुलांच्या मूल्यमापनाच्या नोंदवहीतल्या पानांचे तू पाठवलेले फोटो मोठे करून वाचले. अक्षर सुरेख, खाडाखोड नाही, तारीख जागच्या जागी. ‘परिसरातील कीटकांविषयी कुतूहल दाखवते. गटात सहकार्याने काम करते. प्रश्न विचारते.’ बाकीच्या तीन मुलांच्या पानांवरही थोड्याफार फरकाने हेच. ही वाक्यं कुठून आली ते मला ठाऊक आहे. तयार शेऱ्यांची ती पीडीएफ माझ्याही फोनवर कुणीतरी पाठवून ठेवली आहे. कुठल्याही जिल्ह्यातल्या कुठल्याही मुलापुढे चिकटवावीत आणि कुणी हरकत घेऊ नये, अशा बेताने ती रचलेली आहेत.

त्याच संध्याकाळी फोनवर तू मृगाच्या किड्याबद्दल, पहिल्या पावसात निघणाऱ्या त्या लाल मखमली किड्याबद्दल, जे भरभरून सांगितलंस, त्यातलं अक्षरही या पानांवर नाही. मला ऐकलेलं आठवतं तसं मीच लिहून पाहते:

‘शाळेमागच्या बांधावर मृगाचे किडे निघाले. तिसरीतल्या एकाने काडेपेटीतून आणला. चौथीतली थोरली म्हणाली, “किडा आहे म्हणजे सहा पाय. पुस्तकात आहे.” काडेपेटीवाला म्हणाला, “मोज की मग.” तिने बोट लावलं तर किड्याने पाय पोटाशी घेतले. तिने पुन्हा टोचलं. वर्गात फारसा न बोलणारा तिसरा म्हणाला, “हालवू नका. थांबा. तो परत चालंल.” सगळे थांबले. चालायला लागल्यावर एकाने डावीकडचे मोजले, दुसरीने उजवीकडचे. चार आणि चार. थोरली म्हणाली, “पुढं अजून एक बारका हाये.” आठ की दहा, यावर मधली सुट्टी संपली.’

बस. हीच नोंद. यात ‘कुतूहल’ हा शब्द नाही, ‘सहकार्य’ही नाही. पण ज्याने ही मुलं कधी पाहिली नाहीत, त्यालाही दोन्ही दिसतात. शेरा मारण्याआधी घटना लिही, एवढंच मला तुला सांगायचं आहे. आणि घटना लिहून झाली की बहुतेक वेळा शेऱ्याची गरजच उरत नाही.

त्या अबोल मुलाचं ‘थांबा’ पुन्हा वाच. प्राण्याचं निरीक्षण करायचं तर त्याला त्रास द्यायचा नाही, त्याच्या चालीने घ्यायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. तुझ्या नोंदवहीत त्याच्या पानावर काय आहे? ‘बोलण्यास प्रोत्साहनाची गरज.’ ‘सुधारणा आवश्यक’च्या रकान्यात. अगं, त्या दिवशी सगळ्यात मोलाचं वाक्य तोच बोलला होता!

आता गटाचं. नोंदवही दर मुलामागे एक पान मागते आणि शिकणं तर चौघांच्या मधोमध घडलेलं असतं. डावी बाजू एकाने, उजवी दुसरीने मोजायची ही युक्ती नक्की कुणाची, हे तुलाही सांगता आलं नाही. ते सांगता येऊही नये. म्हणून घटना एकदाच, सलग, वेगळ्या वहीत लिही. मग प्रत्येकाच्या पानावर त्या मुलाचं फक्त एक वाक्य किंवा एक कृती उतरव आणि पुढे त्या वहीची तारीख टाक. थोरलीच्या पानावर ‘पुस्तकातलं सहा हे प्रत्यक्ष मोजून तपासलं, मत बदललं, नवी शंका काढली’ असं येईल. काडेपेटीवाल्याच्या पानावर ‘मोज की मग’ एवढं पुरे. चौघांची चार पानं सारखी होणारच नाहीत.

किड्याबद्दल तुला माहीत असावं म्हणून सांगते, मुलांना इतक्यात सांगू नकोस. तो कीटक नाही. कोळी आणि विंचू यांच्या कुळातला आहे, म्हणून मोठेपणी त्याला आठ पाय. थोरलीने पाहिलेला ‘बारका’ म्हणजे तोंडाजवळच्या लहान अवयवांच्या जोडीपैकी एक असणार, म्हणजे तिची नजर पक्की आहे. आणि गंमत अशी की अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाला सहाच पाय असतात. ते कीटकांच्या अंगाला चिकटून वाढतं. तेव्हा सहावालेही अगदीच हरलेले नाहीत. पण हे तू आज सांगून टाकलंस तर तुझ्या वहीतली पुढची पानं कोरी राहतील. आधी भिंग दे, कोळी शोधायला लाव, दोघांचे पाय शेजारी शेजारी काढायला सांग. मग बघू.

नोंदीत स्वतःलाही घाल. तू काय विचारलंस, कधी मध्ये बोललीस, ते लिही. ‘मी विचारलं, मग याला काय म्हणायचं? सगळे गप्प झाले.’ अशा दोन-चार नोंदी साठल्या की आपलाच कुठला प्रश्न मुलांना बोलतं करतो आणि कुठला गप्प बसवतो, ते कळायला लागतं. कुठल्याही प्रशिक्षणात हे कळत नाही.

चुकीचं बोललेलंही तसंच ठेव. ‘रक्त पितो म्हणून लाल झाला’ असं एक जण म्हणाला होता ना? ते कंसात दुरुस्त करू नकोस. लाल रंगाला काहीतरी कारण असलं पाहिजे, इथपर्यंत तो स्वतःच्या पायांनी पोचला आहे. आणि बोली बदलू नकोस. ‘चालंल’चं ‘चालेल’ केलंस की तो मुलगा पानावरून उठून गेला म्हणून समज.

वेळ कुठून आणायचा, हा तुझा प्रश्न खरा आहे. दोन शिक्षकी शाळा, तिसरी-चौथी एकत्र, वर पोषण आहाराचा हिशेब आणि रोजची ऑनलाइन माहिती. सगळ्या मुलांचं सगळं टिपायचं मनातही आणू नकोस. आठवड्याला एकच गट धर. पर्समध्ये मावेल एवढी डायरी ठेव आणि मुलांचे शब्द तेवढे जसेच्या तसे, तिथल्या तिथे लिही. बाकीचा प्रसंग संध्याकाळी आठवतो, शब्द मात्र तासाभरात विरतात. बोलणं भराभर चाललं असेल तर फोनचं रेकॉर्डिंग चालू करून फोन बाकावर पालथा ठेव. कॅमेरा समोर धरलास की मुलं किडा सोडून फोटोला उभी राहतात. फोटो काढायचाच तर हातांचा काढ, चित्राचा काढ. चेहरे पालकांना विचारल्याशिवाय नकोत, आणि स्टेटसला तर अजिबात नकोत.

तुझ्यासोबतच्या कुणीतरी इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहरातल्या बालशाळांचे फोटो दाखवले आणि तू हिरमुसलीस, असं म्हणालीस. दुसरं महायुद्ध संपल्यावर, 1945 मध्ये, त्या शहराजवळच्या एका गावच्या लोकांनी जर्मन सैन्याने मागे टाकलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकून आलेल्या पैशांत शाळा बांधायला घेतली. लोरिस मालागुत्झी हा तरुण शिक्षक ते पाहायला गेला आणि पुढे आयुष्यभर त्या कामाला वाहून राहिला. मुलांचं बोलणं, चित्रं, फोटो भिंतीवर लावायचे आणि शिक्षकांनी एकत्र बसून त्यांवर चर्चा करायची, ही रीत तिथे रुजली. पण तिथे एका वर्गाला दोन शिक्षक, शिवाय कलेचा वेगळा माणूस, आणि मुलं सहा वर्षांच्या आतली. त्यांच्या भिंतींची नक्कल करायला जाशील तर कार्डशीट आणि सजावटीतच जीव जाईल. घ्यायची ती चर्चा घे. तुमच्या मोठ्या सरांना आठवड्यातून एकदा, चहाच्या वेळी, एक नोंद वाचून दाखव आणि ‘तुम्हाला यात काय दिसतं?’ असं विचार. त्यांना तुला न दिसलेलं काहीतरी दिसेल, पैज लाव.

आणि आपल्याकडे काय कमी होतं? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या परिसरात गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. तुझी वही बांधावर नेणं त्यापुढे अगदी सोपं आहे.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटाकडे ठेवलं होतं. नोंद मुलांना वाचून दाखव. शनिवारी शेवटच्या तासाला, सगळ्यांना गोल बसवून. स्वतःचं बोलणं बाईंच्या वहीत आहे हे ऐकून आधी खुदूखुदू हसतील, मग भांडतील. ‘मी तसं नव्हतो म्हटलो!’ ‘आधी मी थांबा म्हटलं होतं!’ भांडू दे. त्यांनी केलेली दुरुस्ती वेगळ्या शाईने, त्यांच्यासमोर लिही. लिहिता येणाऱ्याच्या हातात पेन दे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समग्र प्रगती पत्रकाबद्दल लिहिताना मुलाने स्वतःचं आणि सोबत्यांनी एकमेकांचं मूल्यमापन करावं, असं म्हटलं आहे. त्याचे छापील तक्ते, चेहऱ्यांच्या गोलांवर खुणा करायचे, हाती पडतील तेव्हा पडतील. ही शनिवारची कटकट त्याहून कितीतरी खरी आहे. शिवाय ऐकता ऐकता त्यांना पुढचं सुचतं. आठ की दहा हा वाद अजून मिटलेला नाही, हे त्यांच्या लक्षात तिथेच येईल.

थोरलीने आधी काढलेलं सहा पायांचं चित्र तिला खोडू देऊ नकोस. त्याच्याशेजारी आठचं लाव, दोन्हींवर तारखा घाल.

राहिली केंद्रप्रमुखांची, म्हणजे शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांची, भीती. त्यांना नोंदी ठरलेल्या नमुन्यातच हव्यात, असं तू म्हणतेस. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये कृती, शोध आणि धुंडाळण्यातून शिकणं आणि मुलाच्या आकलनाचं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, दोन्ही एकाच यादीत आहेत. राज्याच्या 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयातून आलेल्या आकारिक, म्हणजे शिकता शिकता वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात आठ साधनं आहेत आणि ‘दैनंदिन निरीक्षण’ हे त्यातलं पहिलं. तू करतेस ते तेच आहे, नियमाबाहेरचं काही नाही. तेव्हा रकाने भर, त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस, फक्त रकान्यातलं वाक्य तुझ्या मुलाचं असू दे. पुढच्या शिक्षण परिषदेला, शिक्षकांच्या त्या बैठकीला, ती वेगळी वहीही ने. कुणी विचारलं तर पाहिजे ते पान उघडून वाच. नाही विचारलं तर घरी येताना माझ्याकडे दे, मला वाचायची आहे.

तुझ्या,
बाई

ता. क. भिंग तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. काचेचं घे, प्लॅस्टिकचं लगेच चरे पडून धुरकट होतं.