रद्द करू नकोस, पुढे ढकल

फिरायला जायचं ठरलेल्या ठिकाणी भूकंपासारखी आपत्ती आल्याची बातमी बघितल्या बघितल्या तिकीट रद्द करायचं बटण दाबू नकोस. आपण रद्द केलं की चार्जेस आपल्या माथी. विमान कंपनीनेच उड्डाण रद्द केलं किंवा तारीख फुकट बदलून दिली तर पैसे वाचतात. दोन दिवस थांब. आणि आता घाईने विमा काढू नकोस, घडून गेलेल्या आपत्तीला नवी पॉलिसी सहसा लागू होत नाही.

२०१५च्या मे महिन्यात आमचा नेपाळमधला लांगटांग ट्रेक ठरला होता. २५ एप्रिलला ७.८चा भूकंप झाला, वरून कोसळलेल्या बर्फादगडांखाली लांगटांग गावच गाडलं गेलं. आमच्यातला एक म्हणे, "काठमांडू तरी करून येऊ." नशीब, गेलो नाही, १२ मेला पुन्हा ७.३चा हादरा बसला. शिवाय तेव्हा खोल्या, गाड्या, विमानतळ सगळं मदतवाल्यांना हवं असतं. तिथे आपण कॅमेरा गळ्यात घालून कशाला?

गाइडला फोन लावला. ॲडव्हान्सचं अगदी जिभेवर होतं. पलीकडून आवाज आला, "तंबूत आहोत, बोला." नाही मागितला. तूही लहान गेस्ट हाउसवाल्याकडचे पैसे पुढच्या तारखेला वळते कर, परत मागू नकोस.

नवी तारीख लगेच पक्की करू नकोस. भूकंपाने हललेले डोंगर पावसाळ्यात खाली येतात. आम्ही ऑक्टोबर धरला, तर सप्टेंबरअखेर भारत-नेपाळ सीमेवर ट्रक अडले आणि तिकडे पेट्रोल-गॅसची बोंब. तोवर माझे नवे बूट खोक्यातच. निघालो तेव्हा, न वापरता पडून राहिल्याने, दुसऱ्याच दिवशी सोल सुटला. तुझे अधूनमधून सिंहगडावर घालून ये.